काळ्या कातळाखालची जागा कोणासाठी?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.



हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि जमिनीच्या पोटात कायमचा कोंडायचा, ही चर्चा आता परिसंवादांतून बाहेर पडून धोरणाच्या कागदांत शिरली आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या विषयावर अहवाल काढला. पवईच्या आयआयटीत याच कामासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आहे. आणि जिथे जिथे हा विषय निघतो तिथे 'दख्खनचा बेसाल्ट' हे शब्द निघतातच. हा बेसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ. ज्यात वेरूळ कोरले गेले, ज्यावर रायगड उभा आहे आणि राज्यातल्या बहुतेक विहिरी ज्यात खणल्या गेल्या, तोच.

माझे आयुष्य महाविद्यालयात भूशास्त्र शिकवण्यात गेले. या कातळाच्या पोटात खरोखर किती जागा आहे, ती कोणाच्या धुरासाठी वापरायची आणि ते कोणी ठरवायचे, हे तीन प्रश्न आपल्या विभागाने आत्ताच हाती घ्यावेत, एवढ्यासाठी हे पत्र. एखादी कंपनी परवानगीचा अर्ज घेऊन आली की मग नियम करायला बसणे राज्याला परवडणार नाही.

आधी या कातळावर शास्त्रज्ञांची नजर का पडली ते सांगते. विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या दगडांचा ढीग आपण पाहिला असेल. त्यातले काही दगड घट्ट, एकजीव काळे असतात. काहींच्या अंगावर मात्र वाटाण्याएवढ्या, कधी सुपारीएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात. लाव्हा थंड होताना आतले वायू निसटले, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्याने आणलेल्या खनिजांनी त्या भरल्या. विहिरीवरची माणसे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातली एखादी गाठ कॅल्साइटची असते. तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मी प्रत्येक विद्यार्थ्याला हे स्वतःच्या हाताने करायला लावत असे. त्या फसफशीतून जो वायू सुटतो तो कार्बन डायऑक्साइडच. कधीकाळी पाण्यात विरघळून आलेला, कातळातल्या कॅल्शियमशी जोडला जाऊन दगड झालेला आणि लाखो वर्षे तसाच राहिलेला.

म्हणजे हा वायू दगडात कोंडण्याची क्रिया माणसाने शोधलेली नाही. निसर्ग ती करत आलाच आहे. वायू पाण्यात विरघळला की पाणी आंबट होते. ते आंबट पाणी बेसाल्टमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सोडवून घेते आणि त्यांच्याशी जोडला गेलेला वायू कार्बोनेट खनिज होऊन बसतो. वाळूच्या खडकात भरलेला वायू पुष्कळ काळ वायूरूपातच राहतो, त्याच्यावर घट्ट झाकण लागते. बेसाल्टात तो दगडच होतो आणि दगड गळत नाही.

हे आइसलँडमध्ये करून पाहिले गेले. रेक्याविकजवळच्या हेलिशेदी भूऔष्णिक वीजकेंद्रात 'कार्बफिक्स' प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड ४०० ते ८०० मीटर खोलीवरच्या बेसाल्टात सोडला. वायू दगड व्हायला शेकडो वर्षे लागतील असा पूर्वी समज होता. पण दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायू खनिज झाला, असे प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. यातली एक गोष्ट मी नेहमी सांगत असे. निरीक्षणाच्या विहिरीत बसवलेला पंप चालता चालता बंद पडला. वर काढून पाहिला, तर त्याच्यावर कॅल्साइटचे पुट चढलेले होते. उपकरणांनी मोजायच्या आधी पंपानेच निकाल सांगितला होता.

हे वाचून आपल्याकडे उत्साह यावा हे साहजिक आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, महाराष्ट्राचा फार मोठा भाग त्याने व्यापला आहे आणि सह्याद्रीच्या रांगेत त्याची जाडी दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. भारतातल्या बेसाल्टात ९७ ते ३१६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड मावेल, असा अंदाज पवईच्या आयआयटीतल्या प्रा. विक्रम विशाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. देशाचे सध्याचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ३ अब्ज टन धरले, तर पहिल्या आकड्याप्रमाणे ही जागा ३० वर्षांत भरेल आणि दुसऱ्याप्रमाणे १०० वर्षांहून अधिक पुरेल. शास्त्रज्ञांनी हा पल्ला प्रामाणिकपणे दिलेला आहे. पण धोरण आखणाऱ्याने त्यातला मोठा आकडा उचलून भाषणात घालणे हा त्यांच्या कामावर अन्याय आहे. तिपटीहून मोठे हे अंतर सांगते की आपण अजून कागदावर मोजतो आहोत, खडकात उतरून मोजलेले नाही.

आणि इथे त्या पांढऱ्या गाठीची दुसरी बाजू येते. आइसलँडचा बेसाल्ट तरुण आहे, त्याच्या पोकळ्या बऱ्याच अंशी मोकळ्या आहेत. आपला कातळ ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे. त्याच्या पोकळ्या कॅल्साइटने, जिओलाइटने, गारगोटीने आधीच भरून गेलेल्या आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे देखणे स्फटिक ठेवले आहेत ते अशाच पोकळ्यांत वाढलेले. ज्या गाठीमुळे आशा वाटते तीच गाठ विचारते की आता आत रिकामी जागा किती उरली आहे? शिवाय पाणी वाहू देणारे थर आणि घट्ट थर एकावर एक रचलेले आहेत, मधूनमधून लाल बोळाचे, म्हणजे दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीचे, पट्टे आहेत, आणि हे सारे दर तालुक्याला बदलते. आइसलँडचा निष्कर्ष इथे तसाच्या तसा लागू करता येत नाही.

पाण्याचा हिशेब तर त्याहून कठीण आहे. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूला साधारण २५ टन पाणी लागते. कोळशावर चालणारा ५०० मेगावॅटचा एक संच वर्षाला ढोबळ मानाने ३० लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. गुणाकार केला तर साडेसात कोटी टन पाणी होते, म्हणजे अडीच टीएमसीहून जास्त. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. एका संचाच्या एका वर्षाच्या धुरासाठी खडकवासल्यापेक्षा मोठे धरण! परळीचे वीजकेंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते याच राज्यात. त्यामुळे ही पद्धत मराठवाड्यासाठी कोणी सुचवली तर तिथल्या तिथे नकार द्यावा. समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग आइसलँडमध्येच झाले आहेत. किनारपट्टीसाठी त्यांच्याकडे लक्ष ठेवणे योग्य.

दुसरी वाट अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वालुला इथे चाचपली गेली. तिथे २०१३ मध्ये सुमारे १,००० टन वायू पाण्याशिवाय, दाबाने द्रवासारखा दाट करून, ८०० मीटरहून खोल बेसाल्टात सोडला. दोन वर्षांनी खडकाचे नमुने काढले तेव्हा त्यांत नव्याने तयार झालेल्या कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. आपल्यासारख्या कोरड्या प्रदेशाला हीच वाट जवळची आहे. मात्र तिच्यात वायू दगड होईपर्यंत वर चढू पाहतो. त्याला रोखणारा घट्ट थर वर आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. आणि वायू दाट राहण्यासाठी किमान ८०० मीटरच्या आसपास खोली हवी.

आता ही खोली महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून पाहा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत जे विवर खोदले त्यात ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि त्याच्या तळाशी प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे तिथे ही पद्धत बसत नाही. कोयनेच्या परिसरात बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड आहे, पण तिथे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आहे. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. जलाशयाच्या पाण्याचा दाब खोलवरच्या भेगांपर्यंत पोहोचला की भूकंपाला चालना मिळू शकते, हे जगाला शिकवणारे सर्वांत ठळक उदाहरण आपलेच आहे. अशा जागी आणखी एखादा द्रव दाबाने आत सोडण्याचा विचारही कोणी करू नये. कोयना-वारणा पट्टा या कामातून कायमचा वगळला, असे आपण लेखी जाहीर करावे.

चंद्रपूरचे काय? तिथे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे, आवारपूर, गडचांदूर आणि घुग्गुसचे सिमेंट कारखाने आहेत. राज्यातला दाट धूर तिथे आहे. पण तो भाग दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व कडेवर येतो. तिथला मुख्य खडक कोळशाचा आणि चुनखडीचा, काळा कातळ आहे तोही पातळ. धूर एका टोकाला आणि जाड कातळ दुसऱ्या टोकाला, अशी आपली भूगोलाची अडचण आहे. मधले अंतर नळांनी कापायचे तर ते नळ शेकडो गावांच्या शिवारांतून जातील.

या नळांविषयी थोडे सांगायला हवे. कार्बन डायऑक्साइड पेटत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण तो हवेपेक्षा जड असतो आणि सखल जागी साचतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सटार्शिया या खेड्याजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी असा एक नळ फुटला. पावसाने जमीन खचली होती. वायूचा ढग खेड्यात उतरला, माणसे गुदमरली, आणि प्राणवायू कमी पडल्याने पळून जाणाऱ्यांच्या मोटारी रस्त्यातच बंद पडल्या. ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. कोणी दगावले नाही, हे नशीब. आपल्याकडे पावसाळ्यात दरडी कोसळतात, गावे दऱ्याखोऱ्यांत आहेत. सह्याद्रीतून असा नळ नेण्याचा आराखडा आला तर सटार्शियाचा चौकशी अहवाल मराठीत करून प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवला पाहिजे.

एवढे सगळे लिहूनही मी या तंत्राच्या विरोधात नाही. ते कशासाठी वापरायचे यावर माझे मत मात्र ठाम आहे.

वीज कोळशाशिवाय करता येते. सूर्य, वारा आणि पाणी हे पर्याय आपल्यासमोर आहेत. कोळशाच्या चिमणीला वायू पकडणारे यंत्र बसवायचे तर धुरातला १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड अमाइन या रसायनात शोषून घ्यावा लागतो, मग ते रसायन तापवून त्यातून वायू सोडवावा लागतो. या तापवण्यात आणि दाबण्यात वीजकेंद्राच्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा खर्ची पडतो. तेवढीच वीज हवी तर कोळसा आणखी जाळायचा, राख आणखी साचवायची. चंद्रपूरच्या लोकांनी आणखी राख का सोसावी? मिसिसिपीतल्याच केंपर वीजकेंद्रावर साडेसात अब्ज डॉलर खर्च झाले आणि २०१७ मध्ये कोळसा व कार्बन पकडण्याचा बेत सोडून ते नैसर्गिक वायूवर चालवावे लागले. टेक्सासचा पेट्रा नोव्हा प्रकल्प २०२० मध्ये बंद पडला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे पकडलेला वायू जुन्या विहिरींतून आणखी तेल काढण्यासाठी वापरला जातो. कोळशाच्या बाबतीत या तंत्राचा जगभरचा हिशेब असा आहे.

सिमेंटचे तसे नाही. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी सौरविजेवर चालवली तरी तो सुटणारच, कारण तो इंधनात नसून दगडात आहे. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला साधारण ६० टक्के भाग असा दगडातून येतो. घरे, पूल, धरणे बांधणे आपण थांबवणार नाही. मग या वायूला पकडून कोंडण्याखेरीज दुसरा मार्ग फारसा उरत नाही. नॉर्वेतल्या ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात जून २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन वायू पकडणारे यंत्र सुरू झाले. तो वायू जहाजाने नेऊन उत्तर समुद्राच्या तळाखाली साठवला जातो. तरीही कारखान्याचे निम्मेच उत्सर्जन पकडले जाते आणि हे घडून यायला सरकारी पैसा लागला. याच देशाने १९९१ मध्ये कार्बनवर कर बसवला, म्हणून १९९६ पासून स्लाइपनर वायुक्षेत्रात वर्षाला जवळपास १० लाख टन वायू समुद्राखाली सोडला जाऊ लागला. कर नसता तर तो सरळ हवेत सोडला असता, कारण तेच स्वस्त होते.

म्हणून माझे म्हणणे असे की काळ्या कातळाखालची जागा सिमेंट आणि पोलादासाठी राखून ठेवावी, ज्यांना आज दुसरा उपाय फारसा नाही त्यांच्यासाठी. ही जागा कोणा एका उद्योगाची मालमत्ता नाही. ती एकदा भरली की भरली. कोळशाला ती दिली तर कोळसा चाळीस वर्षे जास्त जगेल आणि सिमेंटची वेळ येईल तेव्हा जागा शिल्लक नसेल.

हवेतूनच थेट वायू शोषणाऱ्या यंत्रांबद्दलही आपल्याला कोणी सांगेल. आइसलँडमधला 'मॅमथ' हा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर वर्षाला ३६,००० टन वायू पकडू शकतो. जग तेवढा वायू अर्ध्या मिनिटात सोडते. त्याचे संशोधन चालू राहावे, पण त्याच्या भरवशावर आजचे उत्सर्जन माफ होत नाही. तसेच पकडलेल्या वायूचा 'वापर' आणि 'साठवण' यांतला फरक प्रत्येक प्रस्तावात तपासावा. युरियात घातलेला वायू शेतात पडताच परत हवेत जातो. त्याला साठवण म्हणून श्रेय देऊ नये.

आपल्या हातात आज असलेल्या दोन स्वस्त गोष्टी मात्र विसरल्या जाऊ नयेत. कांदळवनांच्या चिखलात कार्बन शेकडो वर्षे साचून राहतो. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला हे चांगलेच झाले. पण एका हाताने कार्बन कोंडण्याचे धोरण करायचे आणि दुसऱ्या हाताने रस्त्यांसाठी कांदळवनांवर कुऱ्हाड चालवायची, हे थांबवणे आपल्याच विभागाच्या अखत्यारीत आहे. दुसरी गोष्ट क्रशरच्या भुकटीची. बारीक दळलेला बेसाल्ट शेतात पसरला की पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड तो बांधून घेतो. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या 'माती कार्बन' या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती मुळात बेसाल्टाचीच झालेली आणि चुनखडीयुक्त आहे, तिथे याचा फायदा थोडा. कोकणातली आम्लधर्मी तांबडी माती, तिथला धुवाधार पाऊस आणि भातखाचरे यांना ही पद्धत साजेशी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे हे काम सोपवता येईल.

आता मुख्य मागणी. राज्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या देखरेखीखाली एक परीक्षण विहीर खोदावी. कोयना-वारणा पट्ट्याबाहेर, जिथे बेसाल्ट किमान एक किलोमीटर जाड निघेल तिथे. कराडच्या भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने कोयनेच्या परिसरात दीड किलोमीटर खोलीची नऊ विवरे आणि गोठणे इथे ३ किलोमीटरचे विवर खोदले आहे. म्हणजे असे काम करणारे हात आणि खडकाचे नमुने दोन्ही आपल्याकडे आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाण्याची अर्धशतकाची मोजमापे आहेत. या सगळ्यांनी मिळून वालुलाइतकाच, म्हणजे हजारेक टन वायू सोडून पाहावा, काही वर्षे आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीचे पाणी तपासावे आणि आलेला प्रत्येक आकडा, चांगला असो वा वाईट, मराठीत सर्वांसमोर ठेवावा. ज्या गावात हे करायचे तिथल्या ग्रामसभेने आधी होकार द्यावा आणि तिला मध्येच नाही म्हणण्याचाही अधिकार असावा.

याबरोबर कायदाही हवा. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतकऱ्याच्या ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध आणले. ८०० मीटरवर वायू सोडणाऱ्यासाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत २०१० पासून अशा विहिरींसाठी वेगळा वर्ग आहे आणि वायू सोडणे थांबल्यावरही साधारणपणे ५० वर्षे देखरेख करावी लागते. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमाप्रमाणे जागा बंद झाल्यावर निदान २० वर्षे तरी जबाबदारी सरसकट सरकारच्या गळ्यात टाकता येत नाही. आपल्याकडे कंपन्या बंद पडतात, विकल्या जातात, नावे बदलतात. गळती झाली तर कोणाच्या दारात जायचे, हे शेतकऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असले पाहिजे.

येत्या अर्थसंकल्पात या एका विहिरीसाठी तरतूद करावी. आणि तिचे निष्कर्ष लोकांपुढे येईपर्यंत 'पुढे कार्बन पकडू' एवढ्या आश्वासनावर राज्यातल्या एकाही नव्या कोळसा प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवू नये, ही आपणास कळकळीची विनंती.

आपली नम्र,
भूशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका